अर्धी ओळ मागच्या बाकाकडे

परबबाई वर्गात शिरल्या की फळ्यावर इंग्रजीत अर्धीच ओळ लिहायच्या आणि खुर्चीत बसून राहायच्या. उरलेली अर्धी पहिल्या बाकाने जोडायची, मग स्वतःची नवी अर्धी ओळ काढून मागच्या बाकाकडे सरकवायची. तास संपेपर्यंत वर्गाची एक कविता तयार. दिंडोशीच्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजी उपवाक्यं आणि कृदंतं शिकवायची त्यांची ही पद्धत. "ज्याला एकटं उभं राहता येत नाही ते उपवाक्य," त्या सांगायच्या. "त्याला सोबत दे." व्याख्या म्हणून एवढंच.

माझा इतिहासाचा तास शेजारच्या वर्गात असायचा. इकडे मी पानिपत लढत असायचो आणि पोरांचे कान भिंतीपलीकडच्या हशाकडे. बाईंचा मला हेवा वाटायचा आणि मनापासून आदरही.

एका वर्षी दहावीच्या पालकांनी तक्रार केली. क्लासवाले नियम पाठ करून घेतात आणि शाळेत कविता काय करता? मुख्याध्यापिकांनी सभा बोलावली. आदल्या दिवशी मला केबिनमध्ये घेऊन त्यांनी सांगितलं की पालक ऐकले नाहीत तर दहावीचं इंग्रजी तुमच्याकडे. बी.ए.ला माझा इंग्रजीचा एक पेपर होता, तेवढ्याच पुण्याईवर. माझी वाट लागली. मला इंग्रजी वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की घाम फुटतो. बाईंची दहावी वाचावी म्हणून मी जेवढे देव आठवले तेवढे खुद्द बाईंनीही आठवले नसतील.

सभेत सगळ्यात जास्त तापले होते ते गावकर. अंधेरीला एका कंपनीत ते रात्रपाळीला सिक्युरिटीत होते. मुलगी नापास झाली तर कविता काय चाटायची, असं त्यांचं सरळ म्हणणं. बाईंनी वाद घातला नाही. वर्गाची ताजी कविता घेतली आणि एकेक ओळ वाचून तिचं मराठी करू लागल्या.

"बिकॉज पप्पा इज स्लीपिंग, वी वॉच टीव्ही विदाउट साउंड." पप्पा झोपलेत म्हणून आम्ही आवाज बंद करून टीव्ही बघतो.

गावकरांनी हात वर केला. "हे आमच्या सानिकाने लिहिलंय ना?"

मागून एक रिक्षावाले म्हणाले की नाही हो, हे तर आमच्या घरातलं आहे. एक आई तिसऱ्याच पप्पांचं नाव सांगू लागली.

"अर्धी ओळ एका बाकाची, अर्धी दुसऱ्याची," बाई म्हणाल्या. "एकाने पप्पांना झोपवलं, दुसऱ्याने टीव्हीचा आवाज काढून टाकला. पेपरात वाक्यं जोडायला येतात, गावकर. रोज दुसऱ्याचं वाक्य जोडणारी पोरं तिथे अडतील का?"

गावकरांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली आणि खाली बसले. दहावी बाईंकडेच राहिली.

जिन्यात बाईंनी मला गाठलं. "सुटलास ना रे?" म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मग कठड्याला टेकून, मन हलकं झालं की शिरायच्या तशा मालवणीत शिरल्या. "तुझ्यापेक्षा मीच जास्त घाबरलंय. ह्यो वर्ग गेलो असतो तर मी खंय जातलंय? घराक माझ्या कोण आसा?" एकट्या राहणाऱ्या या बाईंना आपण उगाच निर्धास्त समजत होतो, हे मला तेव्हा कळलं. त्या वर्षी इंग्रजीत कोणीही नापास झालं नाही. निकाल लागला तेव्हा बाई स्टाफरूममध्ये चक्क डुलकी काढत होत्या, आणि आम्ही कोणी त्यांना उठवलं नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि दहावीचं इंग्रजी अखेर माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, "व्हेन परबबाई लेफ्ट," आणि खुर्चीत बसलो. पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून पुढे जोडलं, "सर वॉज मोअर अफ्रेड दॅन अस." बाई गेल्या तेव्हा सर आमच्यापेक्षा जास्त घाबरले होते. वर्ग हसला, मीही हसलो, आणि किती दिवसांनी छाती मोकळी झाली.

संध्याकाळी बाईंना फोन करून हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच विचारलं, "मग मागच्या बाकाने काय लिहिलं?"

"सो वी आर हेल्पिंग हिम," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "बरां झालां. आता माका झोप लागतली."