पहिल्या पसंतीचं कॉलेज

शेडगे सर थेट गाडीची वाट कधी बघत नसत. आमचं ज्युनिअर कॉलेज सुटलं की वेल्ह्याच्या स्टँडवर यायचे आणि समोर येईल त्यात चढायचे, मग ती एसटी असो नाहीतर दुधाचा टेम्पो. नसरापूर, कापूरहोळ असे तुकडे पाडत भोरला घरी जायचे. "मिळंल ती गाडी आपली," म्हणायचे. थेट एसटी बऱ्याचदा त्यांच्या आधी पोचे, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

शिकवायचे मात्र जीव तोडून. आमच्या धनगरवाड्यातून इंजिनिअरिंगची सीईटी दिलेली मी पहिलीच. सुट्टीच्या दिवशीही त्यांनी मला गणितं घालून पिदडलं. निकाल असा लागला की पुण्याचं सरकारी कॉलेज सहज मिळावं. प्रवेशाचा ऑनलाईन फॉर्म सरांनीच शेजारी बसून भरून घेतला आणि हायवेजवळचं साधं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं.

"आधी पदरात पाडून घ्यायचं, पोरी. पुण्याचं पुढच्या फेरीत बघू."

मी मान डोलावली. सरांना उलट विचारायचं कोणी?

नियम नेमका उलटा निघाला. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. मला तेच लागलं. माझ्याहून कमी मार्कांची मैत्रीण पुण्याला गेली. मी रडरड रडले, पण घरी बोलले नाही.

मग एक दिवस सर डोंगर चढून वाड्यावर आले. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, वाटलं, पेढे खायला आले. त्यांनी नवी घोंगडी काढून सरांच्या खांद्यावर घातली.

"तुमच्यामुळं पोरीचा नंबर लागला, सर. आमी काय, मेंढरामागची माणसं."

सर घोंगडी खांद्यावरून उतरवू लागले. मला तर धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं.

"न्हाई दादा. पुण्याचं मोठं कॉलेज हिच्या हक्काचं होतं. ते मी माझ्या हातानं घालवलं."

दादांनी घरात चहाचं आधण ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "च्या घेऊन जावा, सर." घोंगडी काही त्यांनी परत घेतली नाही.

तेव्हापासून दर वर्षी फॉर्मच्या दिवसांत सर बारावीच्या वर्गापुढं माझं नाव घेऊन सगळं सांगतात. "चूक माझी, पोरीची न्हाई," म्हणतात. त्या वर्गातल्या चुलतभावाकडून हे कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. यंदा तर निवृत्त होऊनही भोरहून येऊन सांगून गेले. शेवटी मी फोन केला.

"सर, आता तरी सोडा. मला नोकरी आहे, चांगलं चाललंय."

"तुझं चाललंय ते तुझ्या कष्टानं," सर म्हणाले. "त्यात माझी चूक कशी फिटंल?"