वाळुंजाची फांदी आणि मंगलाष्टकं

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी हॅम्बर्गला संस्कृतात डॉक्टरेट करत होतो. तिथे मुख्य विषयाला नेबेनफाख, म्हणजे जोडविषय, घ्यावाच लागे. मी शहाण्याने जुनी चिनी कविता घेतली. म्हटलं, चार-चार ओळींच्या तर असतात! फेब्रुवारीत तोंडी परीक्षा होती. पास झालो की मार्चची बोट, आणि वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न. तिने पत्रातून दमच भरला होता, "दादा, माझी मंगलाष्टकं तूच म्हणायचीस. नाही आलास तर बोलणार नाही." मला काहीही करून जायचं होतं.

आमचे प्राध्यापक म्हणजे एक वाळकुडे, शांत गृहस्थ. ते सांगत, चिनी अक्षराला स्वर असतो. काही स्वर सपाट, काही वाकडे, आणि ओळीत ते ठरल्या जागीच बसले पाहिजेत. हात्तिच्या, म्हणजे आपले लघु-गुरूच की! ते 'तसं नाही, आवाज वळवायचा असतो' असं बजावत राहिले. पण पुण्यात वाढलेल्या माणसाला कोणी काही शिकवायचं असतं का? मी यमाताराजभानसलगं लावून मोकळा झालो.

आता वृत्त म्हटलं की चाल आली. त्या दिवसांत डोक्यात एकच चाल होती, मंगलाष्टकाची. रोज आंघोळीला तिचीच तालीम चाले. सात-सात अक्षरांच्या दोन चिनी ओळी जोडल्या की चौदा अक्षरं होत, शार्दूलविक्रीडिताला हवीत एकोणीस. उरलेली पाच मी 'आऽऽ' लावून भरली. काय झकास बसलं म्हणून सांगू!

परीक्षेत कविता आली निरोपाची. मित्र नावेने निघालाय, कवी त्याला वाळुंजाची फांदी मोडून देतो, बस. 'दुःख' हा शब्दच नाही. फांदी, ओली वाट आणि रिकामा काठ यांतून ते ओळखायचं. हे सगळं मी छान सांगितलं. प्राध्यापक खूश होऊन म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! आता म्हणून दाखवा."

मी खड्या आवाजात लावलं. शेवटची ओळ संपली आणि जीभ आपली आपणच म्हणाली, "शुभमंगल सावधाऽऽन!"

प्राध्यापकांनी दचकून दाराकडे पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "वाळुंज म्हणजे 'ल्यू', आवाज खाली नेऊन म्हणायचा. तुम्ही तो वर चढवलात. तसा 'ल्यू' म्हणजे 'थांब'. हे दोन शब्द इतके जवळचे, म्हणूनच तर निघालेल्याला ती फांदी देतात. पण तुम्ही मित्र, नाव, नदी, सगळ्याच शब्दांचे स्वर बदलून टाकलेत. आल्झो, तर मग पुढच्या सेमिस्टरला भेटू."

नापास! बोट गेली. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलेला, राग कोणावर काढणार? लग्नाच्या दिवशी मी खोलीतून बाहेरच पडलो नाही.

जूनमध्ये बहिणीचं पत्र आलं. लिहिलं होतं, "मंगलाष्टकं गुरुजींनी उरकली. पण नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो ना? गुरुजी म्हणाले, कोणीही चुलतभाऊ चालेल. मी म्हटलं, नाही चालणार, आणि उठून मीच पिळला. जोरात. हे ओरडले, मांडव हसला, आणि मला इतकं रडू आलं रे, की तुझ्याशी धरलेला अबोला तिथेच मोडला."