टेबलावरचा तळहात

उजव्या हाताचा तळवा छातीवर दोनदा आपटायचा आणि मग त्याच हाताची बोटं दाराकडे झटकायची. आमच्या शेजारच्या काकांची ही खूण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास वाटायचं की हा माणूस आपल्याला हाकलतोय. मला तर माझ्याच खोलीतून हाकललं होतं. करी रोडच्या चाळीत बिऱ्हाड मांडून जेमतेम आठवडा झाला होता. बायको माहेरी, गॅसवर दूध आणि खालून पोस्टमनची हाक. दूध की पोस्टमन, या विचारात मी दारात उभा होतो. तेवढ्यात हे गृहस्थ आले, छाती बडवली आणि मला जिना दाखवला. मी घाबरून खाली गेलो. परत आलो तर गॅस बंद होता, दूध नीट तापलं होतं आणि काका स्टुलावर बसून पातेल्याकडे पाहत होते.

"घाबरू नको रे," काकींनी मागून उलगडा केला. "तू जा, मी बघतंय, असा म्हणतत ते."

काका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडत असताना शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून तिथली माणसं ओठ वाचत आणि खुणांनी बोलत. मिशीवरून बोट फिरवलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय. हवेत मूठ गरगरवली की कांडीवरचं सूत संपलंय. आणि ही छातीवरची खूण सगळ्यात मोलाची. चालता साचा एकटा सोडता येत नाही. धागा तुटला आणि कुणाचं लक्ष नसलं तर कापड वाया जातं. पाण्याला, चहाला जायचं झालं की शेजारच्या साचेवाल्याकडे पाहायचं. तो छातीवर हात मारायचा. मग जायचं.

साच्यांनी काकांचे कान जवळजवळ खाल्ले होते. पण ओठ वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. समोरच्या गॅलरीतल्या बायका त्यांच्याकडे पाठ करून भांडत. काकींनी तोंड सुरू केलं की काका शांतपणे डोळे मिटून घेत. डोळे मिटले की आवाज बंद. "झालो, रेडिओ बंद झालो," असं म्हणून काकी उरलेलं भांडण भांड्यांशी पुरं करत.

गिरण्यांच्या मोठ्या संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी उघडलीच नाही. त्यांना शिवडीला एका गोदामावर रखवालदाराचं काम मिळालं. तेही संपून ते घरी बसले, तेव्हा संपाला वीस वर्षं होत आली होती, आणि त्याच सुमारास मला संगीतकार व्हायचा झटका आला.

झटकाच म्हणायला हवा. ऑफिसात मी आवक-जावक पाहायचो. लॅमिंग्टन रोडवरून जुना कॉम्प्युटर, एक कीबोर्ड आणि दोन स्पीकर आणले. दहा बाय बाराच्या खोलीत, कपाट आणि मोरी यांच्यामध्ये माझा स्टुडिओ उभा राहिला. बायकोने एकच विचारलं, "ह्याच्यावर पोळपाट ठेवता येईल ना?"

सोळा ठोक्यांचा एक तुकडा मला पहिल्याच आठवड्यात सुचला. खरंच बरा होता. सतरावा ठोका मात्र काही केल्या सुचेना. सोळा झाले की पुन्हा पहिल्यापासून. असे आठ महिने गेले. बायको कणीक मळताना ते सोळा ठोके गुणगुणायची आणि सोळाव्याला कणकेवर मूठ मारून थांबायची. भाजीवाला जिन्यात तोच तुकडा शिट्टीवर वाजवायचा. तुमच्यापैकी कुणी घरात असला उद्योग केला असेल तर त्याला कळेल: माणसाला काहीच सुचलं नाही तर तो सुखी असतो, अर्धवट सुचलं की गेला.

त्यात माझ्या मुलीने घोळ घातला. सहावीच्या मुलींचा गॅदरिंगला नाच होता. बाईंनी गाणं कुठलं घेऊ या असं विचारलं, तर ही उभी राहून म्हणाली, "आमचे बाबा स्वतः म्युझिक बनवतात." बाई खूश. घरी येऊन मला म्हणाली, "बाबा, तीन मिनिटांचं हवंय. सगळ्यांसमोर सांगितलंय मी."

माझ्याकडे अर्धं मिनिटसुद्धा नव्हतं.

काका तेव्हा रोज संध्याकाळी यायचे. मी ऑफिसातून येऊन हेडफोन चढवून बसलेला असायचो. काका स्टूल ओढत, टेबलावर उजवा तळहात पालथा ठेवत आणि म्हणत, "लाव." मी हेडफोन काढून स्पीकर लावायचो. शेजाऱ्यांच्या धाकाने आवाज बारीकच ठेवायचो. काकांना असंही तो ऐकू येणार नव्हता. ते हाताने ऐकत. साच्याला हात लावून त्याचं कुठं दुखतंय ते सांगणारा माणूस, माझं गाणं म्हणजे काय मोठं!

"ढिला पडला," ते म्हणत. मी ठोके घट्ट करायचो.

दुसऱ्या दिवशी, "आज ताण बरो असा." मी ते तसंच ठेवायचो.

तिसऱ्या दिवशी, काहीही न बदलता, "रिकामा चलता रे. आत काय नाय." मी रडकुंडीला येऊन त्यात बासरी, ढोलकी, घंटा, जे सापडेल ते घालायचो. बायको म्हणायची, "अहो, त्यांना ऐकू येत नाही." मी म्हणायचो, "म्हणूनच." या उत्तराचा अर्थ तेव्हा मला फार खोल वाटायचा. आता काय होता ते आठवत नाही.

मी फारच चिडचिडलो की काका छातीवर दोनदा हात मारत आणि बोटं दाराकडे झटकत. जा, चहा पिऊन ये, तुझं मी बघतंय. मी नाक्यावर जाऊन कटिंग घेऊन यायचो. परत येईपर्यंत ते टेबलावर हात ठेवून राखण करत बसलेले. एकदा मी तोंड नीट त्यांच्याकडे करून विचारलं, "काका, गाण्याला कसली राखण? ते काय पळून जातंय?"

काकांनी टेबलावरचा हात उचलला. मग म्हणाले, "संपाच्या दिवशी आमी सगळेच एकदम भायर पडलंव. साचे बघूक कोण रवलोच नाय."

एवढंच. मग हात पुन्हा टेबलावर. मी उगाच बासरीचा आवाज कमी केला.

गॅदरिंगला आठ दिवस उरले असताना ती संध्याकाळ आली. काकांनी मला चहाला पाठवलं होतं. परत येऊन मी दारात चपला काढतोय, तर काका डोळे मिटून, मान हलवत, तल्लीन. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. मला पाहून म्हणाले, "आज जमला! अगदी भरून चलता."

मी हर्षाने टेबलाकडे पाहिलं. स्पीकरचा दिवा बंद होता. मी चहाला गेल्यावर मुलीने इस्त्रीसाठी त्याचा प्लग काढला होता, तो इस्त्रीच्या वायरखाली तसाच पडला होता.

मी टेबलावर हात ठेवला. टेबल थरथरत होतं.

आमच्या खोलीच्या बरोबर खाली पिठाची चक्की होती. इतकी वर्षं वर राहून आम्हाला ती ऐकूच येत नसे, जसं आपल्याला आपलं घोरणं ऐकू येत नाही. दाणा पडला की ती बसक्या सुरात भरून चालायची. दाणा संपला की मोकळी घरघरायची. रिकामा चलता. आत काय नाय.

काका गेल्यावर मी बायकोला सांगितलं. ती भिंतीला टेकून हसत सुटली. "म्हणजे इतके दिवस तुम्ही लोकांच्या गव्हाला चाल लावत होतात?"

मुलगी हसली नाही. तिने फक्त विचारलं, "मग आता बाबा?"

मला काहीच सुधरेना. बासरी कोणासाठी घातली होती? ज्वारीसाठी? ठोके घट्ट केले ते चुकून बरोबर केले की बरोबर म्हणून चुकवले? माझं गाणं कुठलं आणि चक्कीचं कुठलं, याचा पत्ताच लागेना. काकांना सांगावं तर त्यांच्या हाताचा अपमान. न सांगावं तर उद्या ते पुन्हा येणार, "लाव" म्हणणार.

दुसऱ्या दिवशी मी पाच किलो गहू घेऊन खाली गेलो. आमच्या घरी पीठ भरपूर होतं. चक्कीवाल्याने डबा ओतला, आणि मी, चांगला नोकरदार माणूस, त्याच्या भिंतीला तळहात लावून उभा राहिलो. "क्या हुआ साब, चक्कर आया क्या?" तो म्हणाला. मी म्हटलं, "नहीं, सुन रहा हूँ." त्याने माझा डबा जरा लांब सरकवला.

दाणे पडले तसा हाताखालचा आवाज बसला. संपत आले तसा मोकळा झाला, उंच गेला आणि पट्टा सुटण्याआधी एक क्षण अडखळला. मी मुलीच्या ट्यूशनसाठी घेतलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर तो आवाज भरून घेतला. वर येऊन बासरी, ढोलकी, घंटा, सगळं पुसून टाकलं. सोळा ठोक्यांखाली चक्की घातली. सोळा संपले आणि चक्की काही थांबेना. ती आपली दळतच होती. मग तिच्या मागोमाग माझं बोट आपोआप सतराव्यावर पडलं. अठराव्यावरही. का पडलं ते विचारू नका. आठ महिने जे अडलं होतं ते तीन संध्याकाळींत सुटलं, आणि कशाने सुटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

काकांना ते ऐकवायला मी मुद्दाम सोमवार धरला. सोमवारी चक्की बंद असे. म्हटलं, आज त्यांच्या हाताला लागेल ते फक्त माझं असेल. आवाज पहिल्यांदाच मोठा केला. बायको दारात, मुलगी कपाटाला टेकून. काकांनी हात ठेवला. तीन मिनिटं ते हलले नाहीत. गाणं संपलं. मी त्यांच्यापुढे वाकून बसलो होतो, नापास होणाऱ्या मुलासारखा.

"आज सोमवार ना?" ते म्हणाले. "चक्की बंद असता. मगे ह्यां खंयसून येता?"

हे कुठून येतंय म्हणे! म्हणजे त्यांना ठाऊक होतं? पहिल्यापासून? मग "आज जमला" कुणाला म्हणाले होते? मी तोंड त्यांच्यासमोर धरून, एकेक शब्द फोडून विचारलं, "काका, तुम्ही इतके दिवस काय ऐकत होतात?"

काकांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि शांतपणे डोळे मिटून घेतले.

रेडिओ बंद.

गॅदरिंगला ते आले. खुर्चीवर बसले नाहीत. स्टेजच्या कडेला उभे राहून त्यांनी फळ्यांवर तळहात ठेवला. तीस मुलींचे पाय आणि खाली माझी चक्की. शिपाई त्यांना बाजूला करायला आला, तेव्हा काकांनी छातीवर दोनदा हात मारला आणि त्यालाच दाराकडे पाठवलं. तो बिचारा गेलाही. माझी मुलगी नाचताना समोर पाहायचं सोडून त्यांच्या हाताकडे पाहत होती. बाईंनी नंतर विचारलं, "सुरुवातीचं ते वाद्य कुठलं हो?" मी म्हणालो, "घरगुतीच आहे."

दोन वर्षांनी चाळ बिल्डरकडे गेली. काकांनी गावी जायचं ठरवलं. मालवणकडची बस लालबागला लागायची. मी त्यांना पोचवायला गेलो. काकी बोचकी मोजत होत्या आणि काका खिडकीशी बसून आमच्या चाळीच्या दिशेने पाहत होते. तिथून चाळ दिसत नाही. खिडकी बंद होती आणि बोलायचं पुष्कळ होतं. मी ओठ हलवले, पण काय बोलायचं तेच ठरेना. शेवटी मी छातीवर दोनदा तळवा आपटला आणि बोटं रस्त्याकडे झटकली. जा तुम्ही, मी बघतो.

काय बघणार होतो, देव जाणे. आज मी त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावर राहतो. तेच टेबल आहे. हात ठेवला तर काहीच लागत नाही.

काकांनी माझी खूण पाहिली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, तशी सगळी बस थरथरायला लागली. काकांनी उजवा हात उचलला आणि तळवा काचेला लावला. मला निरोप देत होते की इंजिन ऐकत होते, ते मला कळलं नाही. मी माझा हात बाहेरून काचेला लावायला पुढे झालो, तोवर बस हलली होती.