बारा बटणांचा नकाशा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला निवृत्त होऊच देऊ नये, असं मिस्त्रींचं स्वतःचंच मत आहे. चौतीस वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या डोक्यावरच्या यंत्रखोल्यांमध्ये आणि तळाच्या खड्ड्यांमध्ये काढली. कामावर सगळे त्यांना 'वरखाली' म्हणत. निरोपाच्या दिवशी साहेबांनीही भाषणात तेच नाव घेतलं. खरं नाव त्यांना आयत्या वेळी आठवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वरखाली बंद झालं आणि उरलं ते नुसतं आडवं चालणं. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणतात. मिस्त्रींना नुसती भिंत पुरणार नव्हती. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी त्यांच्या बायकोचं शिलाई मशीन होतं. शाळेचे गणवेश शिवायचं काम ती तीस वर्षं तिथेच बसून करत आली होती. पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी तिच्या दोऱ्यांच्या रिळांना, गोदामातल्या सुट्या भागांना घालतात तसे नंबर घातले आणि एकेक रीळ एकेका डबीत बंद केलं. पांढरा दोरा हवा असेल तर चौदा नंबरची डबी उघडायची. आणि चौदा म्हणजे पांढरा, हे कळण्यासाठी मिस्त्रींना विचारायचं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मशीनला तेल घातलं, तेही इतक्या मोकळ्या हाताने की चार पांढरे सदरे डागाळले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं लक्ष कात्रीकडे गेलं. ती टेबलावर लोळते हे बरं नाही, म्हणून भिंतीला खिळा ठोकून त्यांनी ती टांगून ठेवली, बसल्या जागेवरून नेमका हात पोचणार नाही इतक्या उंचीवर.

बायको काहीच बोलली नाही. तिचं मुळात बोलणंच कमी. ती खूश आहे, असा मिस्त्रींनी अर्थ काढला.

खरा अर्थ त्यांना शिडीवर उभं असताना कळला. स्वयंपाकघरातला पंखा आवाज करत नव्हता, पण पुढेमागे करेल, म्हणून ते तो उघडून बसले होते. बाहेरच्या खोलीत बायको लेकीशी फोनवर बोलत होती. "तुझे बाबा वाईट नाहीत गं," ती म्हणाली. "पण दिवसभर घरात असतात ना, जीव गुदमरतो माझा. येऊ का महिनाभर तुझ्याकडे?"

मिस्त्री हातात पंख्याचं पातं घेऊन तसेच उभे राहिले. लिफ्टमध्ये अडकलेल्या किती माणसांना त्यांनी आजवर बाहेर काढलं होतं, "घाबरू नका, हवा येते आत," असं दाराबाहेरून सांगितलं होतं! आणि स्वतःच्या बायकोला स्वतःच कोंडून घातलं, आणि त्याचा पत्ताही नाही. त्यांना वाईट वाटलं. लहान पोराला वाटतं तसं, साधं आणि खूप वाईट. तिने महिनाभर जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. आणि गेलीच तर परत यावंसं तिला वाटेल असं काहीतरी आपण करावं, असंही वाटत होतं.

शहाण्या माणसाने अशा वेळी बायकोशी बोलून घेतलं असतं. मिस्त्रींनी त्याऐवजी एक यंत्र बनवायचं ठरवलं.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोघं दर आठवड्याला सिनेमागृहाखालच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जात. दोघांनी एका यंत्रापुढे उभं राहायचं, डाव्या हाताने दांडा हलवायचा, उजव्या हाताने बटणं बडवायची आणि पडद्यावर एकमेकांना चोप द्यायचा. बहुतेक वेळा तीच जिंके, आणि मिस्त्री दुकानदाराकडे आपल्या बाजूच्या बटणाची तक्रार करत. दुकानदाराने एकदा बाजू बदलून दिली. मिस्त्री पुन्हा हरले आणि तक्रार नव्या बाजूकडे सरकली. ती मात्र तोंडावर ओढणी धरून पोट दुखेपर्यंत हसत असे. तिचं तसं हसणं त्यांनी पुढे कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

आता तसलंच यंत्र घरी बनवायला जावयाने जुने खेळ भरलेला एक छोटा संगणक पाठवून दिला होता. टपालाने दोन दांडे आणि बारा बटणं आली होती. म्हणजे प्रत्येकी एक दांडा, सहा बटणं. राहिलं होतं ते एका फळीवर ही मंडळी नीट बसवायचं. जन्मभर ज्याने बटणांच्या पाट्या बसवल्या त्याच्यासाठी हे म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मिस्त्री जावयाला फोनवर म्हणालेही.

पहिला नकाशा त्यांनी दहा मिनिटांत काढला आणि बुटांच्या खोक्याच्या झाकणावर बटणं लावून जुन्या सहकाऱ्याला दाखवायला नेला. हा सहकारी अंगाने आडवा, म्हणून लिफ्टला तोल देणाऱ्या जड वजनावरून सगळे त्याला 'काउंटरवेट' म्हणत. त्याने झाकण हातात घेतलं, पाहिलं आणि विचारलं, "मारामारी कितव्या मजल्यावर आहे?"

मिस्त्रींनी सहाही बटणं एकाखाली एक, सरळ उभी लावली होती. तळमजला खाली, पाचवा वर.

मग मात्र ते इरेला पेटले. हात कसा पडतो, कुठलं बोट कुठे पोचतं, याचा अभ्यास सुरू झाला. जो भेटेल त्याला ते कागदावर पंजा ठेवायला लावत आणि पेन्सिलीने त्याची रेघ ओढून घेत. काउंटरवेटचा पंजा झाला, इमारतीच्या पहारेकऱ्याचा झाला, टपाल देणाऱ्या बाईचा झाला. दात दाखवायला गेले तेव्हा दंतवैद्याचाही घेऊन आले. अकरा पंज्यांची सरासरी काढून त्यांनी बटणांच्या तीन-तीनच्या दोन ओळी आखल्या, दोन बटणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये ठरवलं, खोडलं, पुन्हा ठरवलं. सोळा कागद वाया गेले. सतराव्या कागदावर त्यांनी लाल शाईने 'अंतिम' असं लिहिलं.

या सगळ्यात एका माणसाचा पंजा त्यांनी घेतला नव्हता. ज्या माणसासाठी हा सारा खटाटोप, ते माणूस पाच हातांवर बसून गणवेशाचे खिसे शिवत होतं. आधी सगळं तयार करू, मग एकदम दाखवू, असं मिस्त्री स्वतःला सांगत. खरं कारण वेगळं होतं. "पंजा ठेव" म्हटल्यावर "कशाला?" असं ती विचारणार, आणि "आपण दोघं खेळू" म्हटल्यावर ती "मला वेळ नाही" म्हणाली, तर पुढे काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. भीती वाटत होती, दुसरं काय!

बायकोने लेकीकडे जायचं तिकीट काढलंच; त्याच्या तारखेला तीन दिवस राहिले तेव्हा त्यांनी फळीला भोकं पाडायला घेतली. फळीची वरची बाजू गुळगुळीत काळी, चकचकीत. तिला ओरखडा नको म्हणून त्यांनी ती पालथी घातली, 'अंतिम' कागद पाठीवर चिकटवला आणि ड्रिलला गोल पातं लावून बारा बटणांची बारा आणि दांड्यांची दोन अशी चौदा भोकं पाडली. काम देखणं झालं. एक कपचा उडाला नाही. त्यांनी फळी सरळ केली, बटणं बसवली, दांडे कसले आणि पहिल्या खेळाडूच्या जागी बसून हात ठेवले.

दांडा उजव्या हाताला आला. बटणं डावीकडे.

ते दुसऱ्या खेळाडूच्या जागी सरकले. तिथेही तेच.

कामावर नकाशे नेहमी पाटीच्या मागून पाहिल्यासारखे काढलेले असत, कारण तारा जोडणारा माणूस मागेच उभा असतो. चौतीस वर्षं तो कागद पाठीवर चिकटवायची हाताला सवय. हा नकाशा मात्र लोकांचे पंजे ठेवून ठेवून पुढून काढलेला होता. सगळंच्या सगळं आरशात दिसतं तसं उलटं झालं होतं. "मागे उभे राहा, पण पुढून विचार करा," हे वाक्य मिस्त्रींनी शिकाऊ मुलांच्या किमान दहा तुकड्यांना ऐकवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्यांनी डोक्याला हात लावला, आणि तोही चुकून डावा लावला असावा असं त्यांना वाटलं.

मशीनचा आवाज थांबला. बायको उठून जवळ आली.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग तोंड का असं झालंय?"

त्यांनी सांगितलं. कागद कसा, फळी कशी, सगळं. ती फळीकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हलकासा हिसका बसला, आणि ती हसायला लागली. हसता हसता खालीच बसली.

"अहो, आम्ही रोज कापड उलट्या बाजूने कापतो," ती डोळे पुसत म्हणाली. "शिवण शिकणाऱ्या नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगायचं असतं, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या करू नका म्हणून. तुम्ही दोन्ही डाव्याच केल्यात!"

मिस्त्रींना राग यायला हवा होता. पण ते हसणं ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की आणखी चार फळ्या बिघडवायची त्यांची तयारी झाली.

"फुकट गेली फळी," ते म्हणाले.

"कशाला फुकट? पालथी घाला की. भोकं तर आरपार आहेत."

अकरा पंज्यांची सरासरी काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने बटणं आणि दांडे काढले, फळी उलटली. खडबडीत बाजू वर आली, पण दांड्यांची भोकं डावीकडे आली आणि बटणांची उजवीकडे. ती न सांगता त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि मोकळ्या भोकांवर बोटं ठेवून बघू लागली.

"या तिसऱ्याला माझं बोट पोचत नाही. कोणाच्या मापाचं आहे?"

"अकरा जणांच्या."

"माझं माप कधी घेतलंत?"

तिने स्वतःच एक कोरा कागद ओढला, त्यावर पंजा ठेवला आणि शिवणाच्या खडूने भोवती रेघ मारली. "आणि ओळी सरळ कशा? बोटं काय सगळी एका उंचीची असतात? मधलं वर घ्या, करंगळीकडचं खाली. बाहीला गोलाई देतात तशी गोलाई द्या."

त्यांनी दांड्याच्या भोकाशी हात नेला, तिनेही नेला. तिच्या दांड्याचं भोक त्यांच्या बटणांना लागूनच होतं, त्यामुळे दोघांची कोपरं एकमेकांवर आपटली. दोघांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आपटली.

"मधे किती ठेवलंय?" तिने विचारलं.

"आठ इंच. शेजारी शेजारी बसलेलं बरं, म्हणून."

"इथेही तेच," ती हळूच म्हणाली. "हलायला जागा नाही."

मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "तू लेकीला म्हणालीस ते मी ऐकलं. जीव गुदमरतो म्हणालीस ते."

तिने हात मागे घेतला. मिस्त्रींना वाटलं, आता म्हणेल, तसं नव्हतं हो माझ्या मनात.

"बरं झालं ऐकलंत," ती म्हणाली. "माझ्याच्याने तोंडावर बोलवलं नसतं. पण खोटं नाही ते. तीस वर्षं ही खोली सकाळी आठ ते संध्याकाळी सात माझी होती. आता मी दोरासुद्धा विचारून घेते. कात्रीसाठी दर वेळी उठते. तुम्ही चांगल्यासाठीच करता, कळतं मला. पण कुणी मला विचारलं नाही."

डब्यांच्या नंबरांमागे केवढा विचार होता, कात्री उंच ठेवण्यात सुरक्षितता कशी होती, हे सगळं मिस्त्रींच्या जिभेवर आलं होतं. उंटावरच्या शहाण्याकडे उत्तरं कधी कमी नसतात. पण शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा इतका थकलेला होता की त्यांना स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. हे दोन शब्द त्यांनी आजवर दुकानातल्या बटणासाठीही वापरले नव्हते.

तिने गळ्यातली टेप काढली. "असे बसा. दांडा धरल्यासारखा हात करा. कोपर मोकळं सोडा." तिने त्यांच्या कोपरापासून आपल्या कोपरापर्यंत टेप लावली, मग स्वतःची खुर्ची थोडी दूर सरकवली आणि पुन्हा लावली. "अठरा. एवढी जागा मधे हवी. मग बसेन मी."

"अठरा म्हणजे ही फळी पुरायची नाही. नवी आणावी लागेल."

"मग आणा. ही कच्च्या कापडावर बेतून बघितलेली समजा."

मिस्त्रींनी अठरावा कागद घेतला. पेन्सिलीला टोक केलं. मग न राहवून विचारलंच, "आणि लेकीकडे?"

"जाणार तर आहेच. मलाही जरा मोकळं वाटू दे. महिना नाही, पंधरा दिवस जाते. तोवर नीट करून ठेवा." ती उठली आणि मशीनकडे निघाली. अर्ध्या वाटेत वळून म्हणाली, "अठरा म्हणजे अठरा. आल्यावर मोजून बघेन आणि मगच बसेन."

साडेसतराचा मोह झाला होता, हे मिस्त्री स्वतःच कबूल करतात. पण कागदावर त्यांनी अठराच लिहिलं.