'कै.' खोडण्याआधी

आमच्या बडोद्याच्या साप्ताहिकात कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, प्रुफं तपासणाऱ्या काकांचं काम आता संपलं. ते मात्र रोज चारला येत, चष्मा कपाळावर सरकवत आणि पडद्यावर बोट ठेवून माझा मजकूर मोठ्यानं वाचत. काचेवर ठसे उमटत, ते मी चिडून पुसत असे.

"छापलेलं पाछुं येत नाही, बेन, परत घेता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एकदा एका निवृत्त मास्तरांच्या सत्काराची बातमी मी गेल्या आठवड्यातल्या श्रद्धांजलीच्याच साच्यात बसवली. नाव बदललं, मजकूर बदलला. वाचता वाचता काकांचं बोट थांबलं. नावाआधीचं 'कै.' तसंच राहिलं होतं.

मी घाईनं कीबोर्ड पुढे ओढला. "खोडते लगेच."

"थांब. सत्काराचं पत्र कधी आलं?"

"दहा दिवस झाले."

"आणि मास्तरांचं वय?"

"एक्क्याण्णव."

काकांनी सायकलची किल्ली उचलली.

"अहो, फोन करा ना!"

"फोन कोणीही उचलतं," म्हणत ते घडियाळी पोळातल्या मास्तरांच्या घरी गेलेसुद्धा.

पान अडलं. छापखान्यातून दोनदा विचारणा झाली. पाऊण तासानं काका घामाघूम होऊन परतले आणि त्यांनी कागदात गुंडाळलेला पेढा माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला.

"मास्तरांनी स्वतःच्या हातानं दिलाय."

माझा जीव भांड्यात पडला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा त्याच अक्षरावर बोट ठेवलं.

"हां. आता खोड."