अण्णाच्या व्हिडिओला मी हसलो

विनोदी कार्यक्रमाचा दिग्दर्शक घरी कसा असतो, असं लोक मला विचारतात. वैतागलेला असतो, दुसरं काय! आठवड्याला चार प्रहसनं बसवायची, लेखकांशी भांडायचं, नटांच्या मिनतवाऱ्या करायच्या, आणि एवढं करून समोरचे हसले नाहीत तर सगळं मातीत. म्हणून मी घरच्यांना एक नियमच घालून दिला होता. रेकॉर्डिंगच्या आठवड्यात वाईट बातमी कळवायची नाही. एकदा ऐन सेटवर मामा गेल्याचा फोन आला आणि त्या दिवशी एकही प्रसंग धड झाला नाही, तेव्हापासून हा नियम. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एवढंच म्हणाला, "बरं. तुझं चालू दे."

आमच्या कार्यक्रमात लोकांना सगळ्यात आवडतो तो गिऱ्हाइकांवर खेकसणारा दुकानदार. तो अण्णाच आहे, हे अख्ख्या शाहूपुरीला ठाऊक आहे. कोल्हापूरच्या त्या पेठेत त्याचं पेंड-भुशाचं दुकान. "पावणं, पेंड म्हशीला घालायची हाय का तुमास्नी खायाची हाय? वास काय घेताय?" असली वाक्यं मी त्याच्या तोंडातून उचलली आणि त्यावर नाव कमावलं. तो कधी रागावला नाही. फक्त मागच्या दिवाळीत म्हणाला, "आता मी खरंच तापलो तरी गिऱ्हाईक दात काढतंय रं. अजून शिव्या द्या म्हणतंय." मला त्याचंही हसूच आलं होतं.

गेल्या महिन्यात, रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी, कुणीतरी मला एक छोटासा व्हिडिओ पाठवला. अण्णा रस्त्याच्या मधोमध, अंगात बनियन, एका पायात चप्पल. रिक्षाला आडवा होऊन रिक्षावाल्याला हात जोडतोय आणि त्याच दमात त्याच्या सात पिढ्या उद्धरतोय. भोवती माणसं मोबाईल धरून फिदीफिदी हसतायत. खाली लिहिलेलं, 'शेठ पेटले'. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. हात जोडून शिव्या! असलं कुठल्या लेखकाला सुचतंय? मी तो व्हिडिओ नटाला दाखवला. हात किती वर, शिवी कुठल्या श्वासाला, सगळं थांबवून थांबवून शिकवलं. त्याने ते हुबेहूब उचललं आणि रेकॉर्डिंगला टाळ्या थांबेनात.

काम संपवून मी कोल्हापूरला आलो. अण्णाला चिडवायचं म्हणून थेट दुकानावर गेलो, तर शटर खाली. शेजारचा टायरवाला माझ्याकडं बघतच राहिला.

"तुला कळवलं न्हाय व्हय? वैनीस्नी लकवा मारलाय. आठ दिस झालं. राजारामपुरीत दवाखान्यात हायत."

वहिनी डबा घेऊन दुकानात आली होती आणि पोत्यांपाशीच कोसळली होती. अण्णा एकटा. "बोंबलत रस्त्यावर आला बघ," टायरवाला सांगत होता. "लोकांस्नी वाटलं, तुमचं शूटिंग चाललंय. रिक्षावाला बी हसाय लागला की. मी घरनं जेवून आलो आन् गाडीत घालून नेलं, तवर अर्धा तास गेला. त्याचा व्हिडिओ फिरतोय, तू बघितला असशील."

मी त्याच्या टायरांच्या ढिगावर बसलो. मी अण्णाचा जीव तुटताना बघितला होता, थांबवून थांबवून बघितला होता, आणि त्यातली गंमत दुसऱ्याला शिकवली होती. नालायक माणूस आहे मी, दुसरा शब्द नाही.

तिथूनच निर्मात्याला फोन लावला. म्हटलं, ते प्रहसन काढा, पाया पडतो. तो म्हणाला, "वेड लागलंय का? कालपासून जाहिरात चालू आहे. या भागात तेवढंच तर चांगलं आहे." मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण ते कुणाला कळणार आहे?"

दवाखान्यात वहिनीचं तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात पांघरुणावर नुसता ठेवल्यासारखा. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होतो. माझा डबा तिनंच भरला, माझी पहिली नक्कल तिनंच बघितली. मला बघून ती काहीतरी बोलायला गेली, पण शब्द फुटला नाही. अण्णा मला बाहेरच्या बाकावर घेऊन आला. "थोडं आधी आणलं असतं तर हात वाचला असता म्हणत्यात डॉक्टर," तो म्हणाला. "तुला कळवणार हुतो. पण तुझा रेकॉर्डिंगचा आठवडा हुता."

मी व्हिडिओचं सांगायला तोंड उघडलं. आता सांगितलं नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात समोर भिंतीवरच्या टीव्हीत आमची जाहिरात लागली. बनियन, एक चप्पल, जोडलेले हात, शिवीच्या जागी पुंगीचा आवाज. बाकांवरची पेशंटांची माणसं हसली. समोरची एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून हसत होती. मी खाली फरशीकडं बघत बसलो. मला उठून टीव्ही बंद करायचंही सुचलं नाही.

जाहिरात संपली तरी अण्णा तिकडंच बघत होता. त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"अगदी असंच झालतं रं," तो म्हणाला. "त्या दिशी बघणाऱ्यांत आपलं माणूस एक बी नव्हतं, असं मी समजत हुतो. तू हुतास व्हय."