मागे घर दिसू द्या

२००५ च्या सुमारास अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या आमच्या ओळखीच्या यच्चयावत सॉफ्टवेअरवाल्यांनी मोठे कॅमेरे घेतले आणि बायकापोरांचे हाल सुरू झाले. माझ्या नवऱ्याने तर वेगळी लेन्सही मागवली. "एफ वन पॉइंट एट आहे यार!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. हा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा. आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं, आणि छिद्र मोठं केलं की समोरचा चेहरा स्पष्ट येतो, मागचं सगळं धूसर होतं. गोष्ट एवढीच. पण ती कळल्यापासून स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. एका बारशाच्या फोटोत बाळाचं नाक तेवढं दिसतं. पाळणा, आई, आत्या सगळं धुक्यात गेलं.

त्याच उन्हाळ्यात अकोल्याहून माझे बाबा आले. पहिल्यांदाच, आणि गुडघे पाहता बहुधा शेवटचेच. मुक्कामभर त्यांनी काही मागितलं नाही. निघायच्या दिवशी मात्र इस्त्रीचा सदरा घालून आमच्या टाउनहाउससमोर उभे राहिले.

"जावईबापू, एक फोटो काढा. मागे घर दिसू द्या हं. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना पोरीचं घर दाखवायचंय."

जावईबापू गवतात लोळून, श्वास रोखून वगैरे फोटो काढते झाले. बाबांना विमानात बसवून आल्यावर मी तो कॉम्प्युटरवर पाहिला. मिशीचा केस न केस मोजून घ्यावा असा, आणि घराचं पार पिठलं.

"अरे, घर कुठाय?"

"अगं, मुद्दाम ब्लर केलंय. प्रोफेशनल लुक! घर उगाच डिस्ट्रॅक्ट करतं."

तो कॅमेरा डिशवॉशरमध्ये घालावा असं मला वाटलं. याने मात्र मोठी प्रिंट करून अभिमानाने अकोल्याला पाठवली. बाबा फोनवर म्हणाले, "छान आलाय." जावयाला दुसरं काय सांगणार?

पुढे आम्ही अकोल्याला गेलो, तर तो फोटो बैठकीत फ्रेम करून लावलेला. बाबांच्या मागच्या त्या पिठल्यावर बॉलपेनने दार काढलं होतं, दोन खिडक्या, गॅरेज, आणि पायरीवरची माझी तुळशीची कुंडीसुद्धा. सगळं जागच्या जागी. मला रडूच आलं.

"बाबा, प्रिंट खराब केलीत ना!" म्हणत नवऱ्याने कॅमेरा काढला आणि मला फ्रेमशेजारी उभं केलं. बाबा संकोचून माझ्या मागे, दाराशी सरकले.

"आकडा मोठा ठेव," मी म्हटलं. "मागे बाबा आहेत."